बाराव्या पिशवीतली ज्वारी

माणसानं काय पाहिलं, हे कोणी विचारत नाही. ते उलटं पाहिलं की सुलटं, एवढंच विचारतात. हे ज्ञान उत्तमरावांना वयाच्या साठाव्या वर्षी, बुलढाण्यातल्या पक्षीमित्रांच्या सभेत, अर्ध्या कप चहाबरोबर मिळालं.

उत्तमराव मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. बावीस वर्षांपूर्वी देऊळघाटच्या शिवारात दोन भावांच्या बांधाची मोजणी चालली होती. उत्तमरावांनी दुर्बिणीला डोळा लावला आणि समोरच्या गवताच्या तुऱ्यावर त्यांना एक पाखरू दिसलं. अंगठ्याएवढं, हिरवंगार, पोटाशी पिवळं, कुशीवर काळ्यापांढऱ्या रेघा, आणि चोच अशी लाल की आत्ताच विडा खाऊन आलंय. हिरवी मुनिया. ती या भागात दिसली असं कोणी ऐकलं नव्हतं. खात्याच्या जुन्या दुर्बिणीत सगळं जग उलटं दिसायचं, आभाळ खाली आणि शेत वर. त्यामुळे पाखरूही पाय वर करूनच दिसलं. उत्तमराव पाहतच राहिले. त्या दिवशीची मोजणी तीन हात चुकली आणि ते दोघे भाऊ अजून कोर्टात आहेत, पण तो विषय निराळा.

हे सगळं त्यांनी सभेत मोठ्या भावनेनं सांगितलं. ऐकून एकानं विचारलं, फोटो आहे का? नाही. मग कशातून पाहिली? मोजणीच्या दुर्बिणीतून. म्हणजे उलटी? हो, उलटी. सभेत कोणी मोठ्यानं हसलं नाही, हेच वाईट झालं. मोठ्यानं हसलेलं माणूस विसरतं. मिशीत हसलेलं विसरत नाही. उत्तमरावांनी चहा तसाच ठेवला आणि घरी येताना मनाशी ठरवलं, की मरण्याआधी हिरव्या मुनियेचा फोटो काढायचा, तोही सुलटा.

कॅमेरा त्यांनी घेतला. पण कॅमेरा घेऊन भागत नाही. घोडा घेतला म्हणजे खोगीर घ्यावंच लागतं. अंगठ्याएवढं पाखरू शंभर हातांवरून टिपायचं तर हातभर लांबीची लेन्स हवी. त्या लेन्सची किंमत त्यांनी दुकानदाराला दोनदा विचारली, कारण पहिल्यांदा ऐकण्यात चूक झाली असं त्यांना वाटलं. दुसऱ्यांदाही दुकानदारानं तीच सांगितली.

वच्छलाबाईंनी ती ऐकली आणि त्या धान्य निवडतच राहिल्या. "तेवढ्यात तं मुनियाच येऊन सांगीन, की घ्या बापा फोटू, अर्धे मले द्या."

तरी त्यांनीच नवऱ्याला एक पिशवी शिवून दिली. कॅमेऱ्याची नळी झाडाच्या फांदीवर किंवा गाडीच्या काचेवर टेकवायची तर ती हलते, खरवडते. म्हणून जाड कापडाची, दोन पोटांची, घोड्याच्या पाठीवर टाकतात तशी पिशवी; आत ज्वारी. ज्वारी नळीचा आकार धरते, सरकत नाही आणि आवाज करत नाही. शिवून झाल्यावर वच्छलाबाईंनी पिशवी हातात तोलली. लेकराले उशी नाही आन् नळीले गादी, असं काहीतरी त्या पुटपुटल्या.

ही पिशवी पक्षीमित्रांनी पाहिली. बाजारात मिळणाऱ्या अशाच पिशव्या फार महाग. त्यात प्लॅस्टिकच्या गोळ्या, त्या खुसखुसतात आणि पाखरू उडतं. एकानं मागितली, मग तिघांनी. ज्यांनी मिशीत हसून घेतलं होतं तेच आता पिशवी मांडीवर घेऊन ज्वारी चाचपत होते. उत्तमरावांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. फोटोवाल्यांच्याच जिवावर फोटोची लेन्स घ्यायची. पिशव्या विकायच्या.

आता गल्लीत धंदा निघाला म्हणजे शंकरराव आलेच. शंकररावांनी सारी हयात एका पतसंस्थेत सल्ला देण्यात घालवली होती. पुढं संस्था बुडाली, सल्ला तेवढा तरंगत राहिला. ते रोज संध्याकाळी कुंपणापलीकडून पिशव्यांकडे पाहत आणि एकेक सल्ला अलीकडे टाकत. वाळू भरा, वजन राहतं. सरकी भरा, स्वस्त पडते. आणि मग तो सल्ला, ज्यानं पुढचं सगळं झालं: "नुसती पिशवी कोण घेते बे उत्तम? तिच्यावर काही लिही. लोक वाचून घेतात."

उत्तमरावांनी लिहिलं. देऊळघाटच्या फकीर मोहम्मदकडून, जो गाड्यांची सीटकव्हरं आणि ताडपत्र्या शिवायचा, त्यांनी हिरव्या कॅनव्हासच्या पिशव्या शिवून घेतल्या आणि प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात छापून घेतलं: निवडक, शुद्ध, देशी ज्वारी.

फकीर मोहम्मद शिवणीचा पक्का. कापड फाटेल, पण माझी शिवण उसवणार नाही, असं तो म्हणायचा. आणि ते खरं होतं. आतली ज्वारी मात्र त्याच्या हातात नव्हती. अकोल्याच्या छायाताईंनी पहिली पिशवी घेतली. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. अगदी शांत आवाजात त्यांनी सांगितलं, की पिशवी उत्तम आहे, फक्त तिच्यातून सोंडे बाहेर येतात आणि कॅमेऱ्यावर फिरतात. परवा एका गरुडाच्या फोटोत गरुडापेक्षा मोठा सोंडा आला, आणि स्पर्धेत त्यालाच उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.

तो घाव ओला होता तोवर दुसरा बसला. पोस्टात पार्सलाच्या खिडकीवर ‘आत काय’ या रकान्यात उत्तमरावांनी ज्वारी लिहिलं. कशासाठी, असं विचारल्यावर फोटोग्राफीसाठी असं सांगितलं. खिडकीतल्या बाईंनी चष्मा काढून पुसला. कुठून कसं कोण जाणे, पण महिनाभरात बियाण्यांचं काम पाहणाऱ्या एका कार्यालयातून त्यांना बोलावणं आलं. निवडक, शुद्ध, देशी ज्वारी परवान्याशिवाय पिशवीबंद करून विकल्याबद्दल खुलासा द्या.

उत्तमरावांनी हयातभर लोकांकडून खुलासे मागितले होते. टेबलाच्या या बाजूला बसल्यावर खुर्ची इतकी ठेंगणी असते, हे त्यांना पहिल्यांदा कळलं. तिथला साहेब तरुण आणि सभ्य होता. सभ्य साहेबापुढं भांडताही येत नाही. पिशवी नळीखाली ठेवतात, पेरत नाहीत, हे उत्तमरावांनी हातवारे करून समजावलं. साहेब म्हणाला, मला पटतं, पण कागदाला पटलं पाहिजे. शेवटी तोडगा निघाला. उत्तमरावांनी मुद्रांकावर लिहून दिलं: सदर पिशवीतील ज्वारी हे बियाणे नसून ती पेरल्यास उगवणार नाही, याची मी हमी देतो. सही केली, खाली तारीख घातली आणि एक प्रत खिशात ठेवली. लिहून दिलेल्या शब्दाला उत्तमराव फार जपत. त्या दिवसापासून तो कागद ते अंगावरच वागवू लागले, जणू काही जन्माचा दाखला.

आता लिहून दिलंय तर ज्वारी खरोखरच उगवता कामा नये. फकीर मोहम्मदनं उपाय सांगितला. त्याची बायको अख्तरी घरी भट्टी लावून फुटाणे, मुरमुरे, ज्वारी भाजून द्यायची. तापलेल्या वाळूत दाणा नुसता हलवून काढला, की तो फुटत नाही, पण जीव जातो. सोंडेही मेले, कागदही राहिला. अख्तरीची भाजणावळ पैशात नसायची. प्रत्येक घाण्याला, दाणे कढईत पडण्याआधी, ती त्यातली एक मूठ काढून शेजारच्या टोपल्यात टाकायची. तिच्या आईचीही तीच रीत, आजीचीही तीच. टोपल्यात मग गहू, हरभरा, ज्वारी, सगळ्या गावाचं धान्य एकत्र नांदायचं.

धंदा पुन्हा रुळावर आला, आणि त्याच वेळी भाद्रपदात वच्छलाबाई जालन्याला गेल्या. लेक काजल बाळंतीण होणार होती. जाताना त्यांनी नवऱ्याला दूध कुठं, गॅस कसा, तुळशीला पाणी किती हे सगळं सांगितलं. एक गोष्ट सांगितली नाही, कारण ती सांगावी लागेल असं त्यांच्या मनातही आलं नाही.

त्यांचं माहेर साखरखेर्ड्याचं. बाप लहानपणीच गेलेला. आई झुंबरबाई, तिनं एकटीनं शेत राखलं. भाऊ पुढं पुण्याकडे गेला, शेत बटाईनं दिलं, तिथं सोयाबीन आली. आई पाच वर्षांपूर्वी गेली. घराला कुलूप लागलं. माहेर म्हणून जे काही उरलं होतं, ते एका मडक्यात होतं. झुंबरबाईच्या घरची ज्वारी. तिला नाव नव्हतं. गावात तिला नुसतं ‘घरची’ म्हणत. दाण्याच्या टोकाला लाल ठिपका, कुंकवाचं बोट लागल्यासारखा. झुंबरबाईकडे ती तिच्या सासूकडून आली होती. आता साखरखेर्ड्यात कोणाच्याच शेतात ती राहिली नव्हती. वच्छलाबाई दर वर्षी घटस्थापनेला त्यातली मूठभर घटात पेरत, दोन ओळी परसात लावत, माघात कणसं आली की त्यातली उत्तम वेगळी काढून, दाणे राखेत घोळवून, लिंबाचा पाला घालून, मडक्याचं तोंड शेणामातीनं लिंपत. निवडताना त्यांच्या तोंडी ओवी असायची:

माह्या माहेरची ज्वारी, दाना दान्याले सांगते,
जाय लेकीच्या मांगं मांगं, माय दारात थांबते.

उत्तमरावांनी ही ओवी तीस वर्षं ऐकली होती. म्हणजे कानावर पडली होती.

पितृपक्षात त्यांना मोठी मागणी आली. धामणगाव बढ्याचा नौशाद, कापडाचा व्यापारी आणि जंगलात भटकणारा हौशी फोटोवाला, त्यानं मित्रांसाठी एकदम बारा पिशव्या सांगितल्या. एवढ्या गेल्या, की लेन्सला हात पोचणार होता. अकरा भरल्या. बाराव्या पिशवीला दोन किलो ज्वारी कमी पडली.

दुकान गल्लीच्या टोकाला होतं. पण उत्तमराव ताडपत्रीचा तुकडा शोधायला माळ्यावर चढले होते, तिथं त्यांना मडकं दिसलं. शेणानं लिंपलेलं. उघडलं तर राखेत घोळलेली जुनी ज्वारी, वर वाळका पाला. बायकांना जुनं धान्य टाकवत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. टाकाऊतून काम होतंय आणि परत माळाही स्वच्छ होतोय, या विचारानं त्यांना स्वतःचं कौतुक वाटलं. त्यांनी ज्वारी चाळली, राख तुळशीत टाकली. मडकं धुतलं आणि ओट्यावर पालथं घातलं, बायको आल्यावर दिसावं म्हणून.

अख्तरीनं कढईत ओतण्याआधी दाणे हातात घेतले, आणि हात तसाच राहिला.

"साब, ये तो बी हाय ना? राख लावून ठेवलेली?"

उत्तमराव ताठ झाले. त्यांनी खिशातून कागद काढला, उलगडला, आणि भट्टीच्या उजेडात तिच्यापुढं धरला. "हे बी नाही, भाभी. मी लिहून दिलेलं हाये."

अख्तरीला वाचता येत नव्हतं. पण कागदावर शिक्का होता. तिनं रीतीप्रमाणं एक मूठ टोपल्यात टाकली आणि बाकीची वाळूत ओतली.

घटस्थापनेला चार दिवस होते तेव्हा वच्छलाबाई परत आल्या. नातू झाला होता. गल्लीत पेढे वाटून झाले, नातवाच्या नाकाची चर्चा झाली, शंकररावांनी नावाबद्दल सल्ला दिला. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या. ओट्यावर पालथं मडकं होतं.

उत्तमराव मागोमाग कौतुकासाठी आले. बोलताना मधेच त्यांना दिसलं, की बायको मडकं सुलटं करून आत पाहते आहे. आत काहीच नाही, तरी पाहतेच आहे.  ते घाईघाईनं म्हणाले, की जुनी ज्वारी होती, दोन किलो नवी आणून देतो, चांगली देतो.

वच्छलाबाईंचा आवाज चढला नाही. "त्याच्यात माही माय होती," एवढंच त्या म्हणाल्या, आणि मडकं परत पालथं घातलं.

त्या दिवशी उत्तमराव गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि मोजत परत आले. दुकान एकशे चौऱ्याऐंशी पावलांवर होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नौशादला फोन लावला. बारा पिशव्या तोवर बारा जणांकडे पांगल्या होत्या. नौशाद सज्जन माणूस, त्यानं सगळ्यांचे नंबर दिले, आणि उत्तमरावांनी एकेकाला विनंती केली, की जरा पिशवीची शिवण उसवून आत लाल ठिपक्याची ज्वारी आहे का पाहता का? एकानं विचारलं, काही सोनंबिनं गेलं का आत? एक म्हणाला, जादूटोण्याचा प्रकार असेल तर मी आजच पिशवी परत करतो. एकानं कात्रीनं तासभर झुंज दिली आणि कळवलं, की कापड फाटलं पण शिवण उसवली नाही. फकीर मोहम्मदला हे सांगितलं असतं तर तो सुखावला असता. शेवटी दुपारी नौशादचाच फोन आला. लाल ठिपका त्याच्याच पिशवीत निघाला; बारावी त्यानं स्वतःला ठेवली होती.

एसटीनं धामणगाव बढे गाठून उत्तमराव संध्याकाळी पिशवी मांडीवर घेऊन परतले. नौशादनं पैसे परत घेतले नाहीत. बहनजींना सलाम सांगा म्हणाला, माझ्या अम्मीच्या हातचा मिरच्यांचा वाण असाच गेला, आम्हाला कळलंही नाही कधी.

वच्छलाबाईंनी ताटात ज्वारी ओतली. लाल ठिपका होता, थोडा काळवंडलेला. त्यांनी एक दाणा उचलून दाताखाली धरला. कुर्र आवाज आला.

"भाजेल हाये."

उत्तमराव म्हणाले, हो.

त्यांनी दाणा थुंकला नाही. सावकाश चावला, गिळला. मग दुसरा घेतला. माहेरचं हाये, टाकवत नाही, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि दिवे लागून गेले तरी त्या ताटापुढं बसून राहिल्या. उत्तमरावांना समोर बसवेना आणि उठवेना. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या हद्दी काटेकोर मोजल्या. बायकोची हद्द कुठून सुरू होते, ती मात्र त्यांना या ताटापाशी दिसली, ती ओलांडून झाल्यावर.

खबर देऊळघाटला पोचायला वेळ लागला नाही. सकाळी फकीर मोहम्मद आणि अख्तरी दारात उभे. अख्तरीच्या डोक्यावर टोपलं. तिनं ते ओसरीवर उतरवलं आणि पदरानं तोंड पुसलं.

"भाबी, मले वाटलं होतं. पण साबनं कागज दाखवला. मी काय बोलू?" मग ती म्हणाली, "घाण्याच्या आंधीची मूठ याच्यातच हाये. जास्ती कोंबड्याईनं खाल्ली. चार दाने असतीन ते पाहू."

टोपल्यात साऱ्या गावाचं धान्य होतं. चौघं ओसरीवर गोल बसले आणि निवडू लागले. अख्तरीच्या बोटांना सवय होती. वच्छलाबाई दाणा डोळ्यांनी नव्हे, बोटांनी ओळखत होत्या. फकीर मोहम्मदनं नाकावर चष्मा चढवून शिवणाची सुई घेतली आणि दाणे असे टोचत टोचत बाजूला केले, की जणू तो त्यांना काजं करतोय. उत्तमरावांनी नव्वद दाणे काढले. त्यातले ऐंशी वच्छलाबाईंनी परत टोपल्यात टाकले. कुंपणावरून शंकररावांनी चाळणीचा सल्ला दिला. कोणी उत्तर दिलं नाही, तेव्हा तेही चप्पल काढून येऊन बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा न बोलता काम करू लागले.

उन्हं कलली तेव्हा वच्छलाबाईंच्या ओंजळीत तेवीस दाणे होते.

घटात त्या वर्षी दुकानचे गहू पेरले. घट पिवळाजर्द वर आला. आलेल्या बायकांनी, किती छान आला हो, असं म्हणून हळदकुंकू घेतलं. वच्छलाबाई हो म्हणाल्या. तेवीस दाणे परसात होते, दोन बोटं खोल. पाणी घालायला त्या एकट्या जात. त्यांच्या तोंडी ओवी नव्हती. घरात इतकी शांतता असू शकते, हे उत्तमरावांना माहीत नव्हतं. ओवी कानावर पडत होती तेव्हा त्यांनी ऐकली नाही, आणि आता ते ऐकत होते तर ती नव्हती.

सातव्या दिवशी सात कोंब वर आले. बाकीचे आलेच नाहीत.

उत्तमराव त्याच दिवशी त्या कार्यालयात गेले आणि त्यांनी स्वच्छ अक्षरात अर्ज दिला: मी हमी दिलेल्या ज्वारीपैकी सात दाणे उगवले आहेत, तरी माझ्या हमीपत्रात दुरुस्ती व्हावी. सभ्य साहेबानं अर्ज दोनदा वाचला. यावर काय कारवाई करावी याचा नियम नाही, असं तो म्हणाला. मग त्यानं चहा मागवला. उत्तमरावांनी हा चहा पूर्ण प्यायला.

लेन्स राहून गेली. पिशव्यांचा धंदाही त्यांनी बंद केला. कोणी विचारलं, तर भरायला काही मिळत नाही असं सांगत. कॅमेरा पेटीत गेला.

सात रोपांची कहाणी मात्र सरळ चालली तर ती उत्तमरावांच्या घरची कसली? कार्तिकात कोणाची तरी शेळी आली आणि दोन रोपं खाऊन गेली. एक वाऱ्यानं मोडलं. उरलेल्या चारांना कणसं धरली, तसे शंकरराव म्हणाले की पाखरांपासून झाकून घ्या. फकीर मोहम्मदनं मोठ्या प्रेमानं कणसाला टोपी शिवली, हिरव्या कॅनव्हासची, दुहेरी शिवणीची. एका कणसाला चढवून पाहिली. आठ दिवसांत आत काळी बुरशी धरली. उरली तीन. वच्छलाबाई म्हणाल्या, आता झाकायचं नाही, राखायचं.

राखण उत्तमरावांकडं आली. तेलाचा रिकामा डबा मांडीवर, हातात काठी, डोक्याला उपरणं. सकाळी उन्हं आली की ते परसात खुर्ची टाकून बसत आणि चिमणी दिसली की डबा बडवत. पक्षीमित्रांपैकी कोणी भेटायला आलं, तर हे दृश्य पाहून कुंपणापासूनच वळत असे. ज्यानं पाखरासाठी एवढा पसारा मांडला होता, तो आता पाखरू दिसलं की हाड हाड करत होता. गल्ली हसली. उत्तमरावांनी मनावर घेतलं नाही. मान जायची तेवढी गेली होती.

माघ लागला. दाण्यात दूध भरून घट्ट होऊ लागलं होतं, टोकाला लाल ठिपका उतरत होता. एका सकाळी दहाच्या सुमारास मधल्या कणसाचा दांडा हलला. वारा नव्हता.

उत्तमरावांनी काठी उचलली आणि ती तशीच वर राहिली.

हिरवी मुनिया. बारा हातांवर. पोट पिवळं, कुशीवर रेघा, लाल चोच. बावीस वर्षांत ती एका पिसानंही बदलली नव्हती. फक्त आता पाय खाली होते आणि आभाळ वर होतं. तिनं कणसाला बिलगून एक दाणा ओढला, चोचीत फिरवला, फोल टाकलं. आणि दुसऱ्या दाण्याला लागली.

एवढ्या जवळून हातभर लेन्सची गरजच नव्हती. पेटीतला साधा कॅमेरा पुरला असता. पेटी मधल्या खोलीत, अठरा पावलांवर. जायचं, कुलूप काढायचं, कॅमेरा काढायचा, यायचं. खिशात मोबाइल होता. पण त्या फोटोत हिरव्या दांड्यावर हिरवा ठिपका आला असता आणि सभेत कोणीतरी विचारलं असतं, की हे पान आहे का? उत्तमरावांनी मोजणी केली. अठरा पावलं जायला, अठरा यायला, आणि पाखराला एका दाण्याला लागतात तीन श्वास. ती तिसरा दाणा काढत होती. दाण्याच्या टोकाला लाल होतं, चोचही लाल होती.

त्यांनी काठी डब्यावर मारली. पुन्हा मारली. पाखरू कुंपणावरून गेलं, तरी मारतच राहिले.

डब्याचा आवाज नेहमीपेक्षा जास्त वेळ चालला, म्हणून वच्छलाबाई पिठाच्या हातानं बाहेर आल्या. कणसं जागच्या जागी होती. नवरा रिकाम्या कुंपणाकडे पाहत बसला होता आणि डबा अजून बडवत होता. त्यांनी त्याच्या हातातली काठी धरली, तेव्हा तो थांबला.

"काय होतं?"

"मुनिया होती."

"कोनती?"

"हिरवी."

वच्छलाबाईंनी पिठाचा हात पदराला पुसला. कणसापाशी जाऊन त्यांनी रिकाम्या झालेल्या फोलांवरून बोट फिरवलं. तीन दाणे गेले होते. परत येऊन त्या खुर्चीशेजारी खाली बसल्या आणि डबा आपल्या मांडीवर घेतला.

"उलटी होती का सुलटी?"

"सुलटी."

"मंग मी सांगीन त्या सभेतल्याईले," वच्छलाबाई म्हणाल्या. "मी फोलं पाह्यली."

ऊन वर चढत होतं. चुलीवर काही ठेवलेलं असावं, त्याचा वास आला, तरी त्या उठल्या नाहीत. थोड्या वेळानं, चार महिन्यांनी पहिल्यांदा, त्यांनी तोंडातल्या तोंडात ओवी धरली, माह्या माहेरची ज्वारी, दाना दान्याले सांगते. पुढची ओळ त्यांनी म्हटली नाही. उत्तमराव ती ऐकायला थांबले होते.